जुन्या गाडीचे ब्रेकलाईट कधी लागतात कधी लागत नाहीत : कामाच्या नोंदी

२४ मार्च २०२४

गाडी २००४ मॉडेलची पेट्रोल हॅचबॅक, एमएच २४ (लातूर), आमच्याकडं येण्याआधी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. कंपनी कुठली ते लिहीत नाही कारण वीस वर्षांच्या कुठल्याही गाडीत हेच निघतं. जूनमध्ये पासिंग संपतंय, पंधरा वर्षांनंतर जे पाच-पाच वर्षांचं करून मिळतं ते, आणि तिथं ब्रेकलाईट लागले नाहीत तर गाडी परत पाठवतात, म्हणून हे काम आता टाळता येत नाही.

तक्रार अशी. आज औशाहून सगळे गाडीत बसून येत होतो, दाजी मागं मोटारसायकलवर होते. घरी आल्यावर म्हणले, "आरं, तुझे ब्रेकलाईट लागंनात की. एकदा दोन्ही लागले, मग दोन्ही गेले, मग नुसता उजवाच." लगेच दारात गाडी उभी करून पोरीला मागं उभं केलं आणि ब्रेक दाबला तर दोन्ही झकास. परत दाबला, परत झकास. हाच खरा वैताग आहे, गॅरेजला नेली की गाडी शहाण्यासारखी वागते आणि मेकॅनिक आपल्याकडंच संशयानं बघतो.

याआधी दोन वेळा बल्ब बदलून झालेत, वेगवेगळ्या ठिकाणी, त्यानं काही फरक पडला नाही. आता ठरवलंय की दोष आपल्या डोळ्यादेखत घडवून आणता आल्याशिवाय नवीन काही बसवायचं नाही. बघू कितपत पाळता येतंय.

३१ मार्च

रविवार. सुरुवात मागूनच केली कारण मागचं उघडायला सोपं आहे.

दोन्ही बाजूचे होल्डर काढले. ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो, २१ वॅट ब्रेकला आणि ५ वॅट टेललाईटला, आणि त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम खालीवर दिलेल्या असतात म्हणजे उलटा बसू नये. तरी उजवीकडचा बल्ब कुणीतरी जोर लावून उलटाच दाबून बसवला होता, होल्डरची खाच वाकली होती. म्हणजे ब्रेक दाबला की ५ वॅटचं फिलामेंट लागायचं आणि टेललाईटला २१ वॅटचं. रात्री मागून येणाऱ्याला वाटत असणार हा माणूस कायम ब्रेकवर पाय ठेवून चालवायलाय. खाच बारीक पकडीनं सरळ केली, नवीन बल्ब सरळ बसवला.

डावीकडच्या होल्डरमध्ये हिरवा गंज. पॉलिश पेपरनं घासला, तळातले दोन पितळी कॉन्टॅक्ट थोडे वर उचलले (बॅटरीची वायर काढून मगच करा हे, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर लागून फ्यूज जातो). जुन्या बल्बच्या बुडाचे शिशाचे थेंब पार चपटे झाले होते, खड्ड्यात गाडी आपटली की कॉन्टॅक्ट सुटणारच.

खर्च : दोन बल्ब ८० रुपये. फरक : उजवा आता बरोबर. दोन्ही जाण्याचं मात्र तसंच आहे, संध्याकाळी घरच्यांना घेऊन गंजगोलाईत खरेदीला गेलो तेव्हा मागचा रिक्षावाला ओरडलाच.

९ एप्रिल, पाडवा

सकाळी गाडी धुतली, हार घातला, आणि ब्रेक दाबून बघितलं तर डावा बंद! आनंदच झाला खरं तर, कारण पहिल्यांदाच दोष दारात सापडला. पूजेचं ताट तसंच ठेवून मल्टीमीटर काढला, घरच्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

एकट्यानं काम करायचं असलं तर ब्रेक दाबून ठेवायला काहीतरी लागतं. मी उसाचं टिपरू सीट आणि पेडलच्या मधे अडकवलं, मापात तोडता येतं आणि पेडलवरून घसरत नाही.

आता मोजायचं कसं ते नीट लिहितो कारण यातच लोक फसतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो करंट येतोय, वायर चांगली. पण मीटर करंट जवळपास खातच नाही. वायरीची एखादी गंजलेली तार नुसती टेकून असली तरी मीटर १२ दाखवणार, आणि २१ वॅटचा बल्ब मागतो पावणेदोन अँपिअर, तो तेवढ्या टेकण्यातून नीट येत नाही. म्हणून बल्ब बसवलेला, ब्रेक दाबलेला, असंच मोजायचं. बॅटरीच्या मायनसला लांब वायर जोडून ती मागं डिकीपर्यंत आणली, मीटरचा काळा प्रोब तिला, आणि लाल प्रोबनं एकेक जागा बघितली.

बॅटरी १२.४. डाव्या होल्डरच्या प्लसवर ११.२. आणि होल्डरच्या अंगावर, म्हणजे जिथं शून्य पाहिजे तिथं, २.६ व्होल्ट. म्हणजे बल्बला मिळतात साडेआठच्या आसपास, आणि हलवलं की तेवढेही नाहीत. अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची जोडणी, ती गेलेली.

आता आठवलं की ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद लागायचा, ते आम्ही जुनी गाडी म्हणून सोडून दिलं होतं. करंटला परतायला रस्ता मिळाला नाही की तो दुसऱ्या बल्बाच्या फिलामेंटमधून वाट काढतो. तुमच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणत असेल तर बल्ब-स्विच काही न बघता सरळ अर्थ बघा.

काळी वायर धरून गेलो तर डिकीच्या कार्पेटखाली डाव्या कोपऱ्यात बोल्ट. गाडीचं पूर्वी कधीतरी डेंटिंग पेंटिंग झालंय आणि पेंटरनं बोल्टसकट सगळ्यावर रंग मारलाय, त्यात लॅम्पमधून झिरपलेलं पाणी तिथंच साचून गंज. बोल्ट काढला, खालचा पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासला, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) दाबलं, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. आधी ग्रीस नाही, आधी आवळायचं मग ग्रीस. परत मोजलं, २.६ चे ०.०८ झाले. इंडिकेटरचं मिणमिणणं पण बंद.

खर्च २० रुपये. पुरणपोळी थंड झाली ते वेगळं.

१४ एप्रिल

डाव्याचा प्रश्न मिटला. राहिलं ते दोन्ही एकदम जाण्याचं, आणि दोन्ही एकदम जायचे म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज, पेडलजवळचा स्विच, किंवा तिथून मागं येणारी वायर.

आमच्या ओळखीचे वायरिंगवाले चाचा आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, "बेटा, हॉर्न बजा के देख. लाईट गया और हॉर्न बजता, तो फ्यूज को हात नक्को लगा." या गाडीत हॉर्न आणि ब्रेकलाईटला एकच फ्यूज आहे, फ्यूजच्या झाकणावर चित्र असतं त्यावरून कळतं. आज पाहुणे सोडायला बसस्टँडला गेलो, दाजींना मागं मोटारसायकलवर ठेवलं, लाईट गेले की त्यांनी हात करायचा आणि मी हॉर्न वाजवायचा. लाईट गेले, हॉर्न वाजला. फ्यूज सुटला यादीतून, तोही फुकटात.

२१ एप्रिल

ब्रेक स्विच. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली डोकं घालून पाय वर, ही पोझ पन्नाशीकडं झुकलेल्या माणसानं उन्हात करू नये, सकाळी आठच्या आत उरका.

स्विचचं काम उलटं असतं. पेडल वर असताना त्याचा दांडा स्विचची पिन आत दाबून धरतो आणि लाईट बंद राहतात, पाय दिला की पिन बाहेर येते आणि आतले कॉन्टॅक्ट जुळतात. ब्रेक दाबलेला ठेवून स्विचच्या दोन टोकांत मोजलं तर ०.७ व्होल्ट त्याच्यातच पडत होते, म्हणजे वाया जात होते. चांगल्या स्विचमध्ये नावाला पडतात. जुना फोडून बघितला, कॉन्टॅक्ट काळे कोळसा. नवीन १८० रुपये, बसवला, पिन नीट दबेल असा मागंपुढं करून लॉकनट आवळला. लाईट आधीपेक्षा ठळक दिसायलेत, सगळ्यांच्या लक्षात आलं.

इथं थांबायला पाहिजे होतं असं वाटतं, पण मला खात्री वाटंना. खराब स्विच लाईट मंद करतो हे पटतं, पण मग घरी कधीच का जात नव्हते?

२३ एप्रिल

सकाळी गाडी चालू होईना. सेल्फ नुसता टक टक. मागं जाऊन बघितलं तर ब्रेकलाईट दोन्ही लागलेले, अगदी लाल मंद, रात्रभर. हिशोब सोपा आहे, दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, साडेतीन अँपिअर, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, दहा तासांत खलास.

पहिला संशय नवीन स्विचवर गेला आणि दुकानदाराला मनातल्या मनात बरंच बोललो. पण तो निर्दोष निघाला. पायाखालच्या मॅटवर पिवळट प्लास्टिकचे बारीक तुकडे पडले होते. पेडलच्या दांड्याला एक भोक असतं आणि त्यात प्लास्टिकचं एक बटन बसवलेलं असतं, स्विचची पिन त्या बटनावर टेकते. वीस वर्षांच्या उन्हानं ते बिस्किटासारखं झालं होतं, नवीन स्विचची स्प्रिंग कडक, त्यानं भुगा झाला. बटन गेलं की पिन सरळ भोकातून आरपार आणि स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय.

त्या भोकात चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट घालून मागून नट आवळला, तात्पुरतं. दोन दिवसांनी दुकानात खरं बटन मिळालं, ३० रुपये. स्विच बदलणार असाल तर हे बटन सोबतच घेऊन ठेवा, आणि पहिल्या रात्री झोपायच्या आधी एकदा गाडीच्या मागं चक्कर मारा. बॅटरी चार्जिंगचे १०० रुपये आणि अर्धा दिवस गेला.

५ मे

दोन्ही जाण्याचा प्रकार परत झाला. म्हणजे स्विच खराब होता हे खरं पण आपला चोर तो नव्हता.

मागं माणूस ठेवून, हात करायला लावून कंटाळा आला म्हणून आज वेगळं केलं. दोन छोटे एलईडी घेतले, एक लाल एक हिरवा, प्रत्येकाला एक हजार ओहमचा रेझिस्टर, सगळं मिळून १५ रुपये. लाल एलईडी स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर. हिरव्यासाठी मागं लॅम्पच्या कपलरमधून (वायरी जोडायचा प्लग) बारीक वायर काढून मॅटखालून पुढं आणली. दोन्हींचा मायनस डॅशबोर्डखालच्या बोल्टला. डॅशबोर्डवर टेपनं चिकटवले, स्पीडोमीटरच्या शेजारी.

ब्रेक दाबला की दोन्ही लागले पाहिजेत. दोन्ही गेले तर स्विच किंवा त्याच्या अलीकडं. लाल लागला आणि हिरवा गेला तर मधली वायर. दोन्ही लागलेत पण मागचा माणूस म्हणतो लाईट नाही, तर बल्ब, होल्डर किंवा अर्थ. आता गाडी स्वतःच सांगणार.

एक सूचना, वायरला सुईनं टोचून जोड घेऊ नका. कपलरच्या मागच्या बाजूनं, जिथं वायर आत जाते तिथून, बारीक तार सरकवली की कॉन्टॅक्ट मिळतो आणि वायरला भोक पडत नाही. वायरीला मधेच इजा केली की पुढं काय होतं ते माझ्या गाडीनंच दाखवलं, खाली येईल.

७ मे

मतदान. रेणापूरकडं गावी जायचं होतं. मागं आई, मावशी आणि मावशीची सून, पुढं पोरगी. ऊन असं की स्टीअरिंगला हात लावंना.

नाक्यापुढच्या पहिल्याच गतिरोधकावर ब्रेक दाबला, लाल लागला, हिरवा लागला आणि गाडी आदळली तसा हिरवा गेला. पुढच्यावर परत तेच. पोरगी म्हणली, "बाबा, हिरवा नाचायलाय." मी इतका खूश झालो की मावशीला वाटलं उन्हानं याचं डोकं फिरलं.

मतदान करून आई आणि मावशी गावातच थांबल्या, बाकीच्यांना दाजींनी घेतलं, मी एकटाच परत आलो. तेच गतिरोधक, तेच खड्डे, आणि हिरवा एकदाही हलला नाही. मुद्दाम एक खड्डा परत वळून घेतला. काही नाही.

मग ट्यूब पेटली. मागं माणसं बसली की जातो. औशाहून येताना सगळे होते, गंजगोलाईला घरचे होते, बसस्टँडला पाहुणे होते. आणि घरी दारात तपासताना, गॅरेजला नेताना मागची सीट कायम रिकामी. घरी आल्यावर उसाचं टिपरू पेडलला लावलं, पोरीला मागच्या सीटवर उड्या मारायला सांगितलं (हे काम तिनं फार मनापासून केलं). डाव्या बाजूला उडी मारली की हिरवा जायचा, मधे मारली की नाही.

१२ मे

मागची सीट काढली. बसायची गादी पुढच्या बाजूनं दोन क्लिपवर असते, वर ओढली की येते, पाठ काढायची गरज नाही.

खाली वीस वर्षांचे शेंगदाण्याचे फोलपटं, दोन रुपयांची तीन नाणी, आणि डाव्या बाजूला वायरिंगच्या जुडीवर काळ्या टेपचा एक गोळा. टेपचा गोंद उन्हानं वितळून काकवीसारखा झालेला. उघडला. पूर्वी कुठल्यातरी मालकानं मागच्या काचेला ते लपक-लपक करणारे ब्रेकलाईट लावले असणार, त्यासाठी ब्रेकची वायर मधेच सोलून तिला दुसरी वायर पिळली होती. ते लाईट कधीच काढून टाकलेत, पिळलेला जोड तसाच, आणि सोलताना ब्लेड लागून मूळ वायरीच्या बहुतेक तारा तुटलेल्या. राहिलेल्या हिरव्या पडलेल्या. वर सीटची लोखंडी फ्रेम बरोबर त्या गोळ्यावर टेकायची, माणूस बसला की वायर दबून जोड उघडायचा.

जोडायच्या आधी मोजून घेतलं, बल्ब लागलेले असताना त्या गोळ्याच्या अलीकडं-पलीकडं, नुसतं असताना ०.३ व्होल्ट आणि हातानं दाबलं की ३ च्या वर जाऊन मग लाईटच बंद.

हिरवं पडलेलं तांबं पूर्ण कापून टाकलं, चांगलं लाल तांबं दिसेपर्यंत. मधे एक स्क्वेअर एमएमची वीतभर नवीन वायर, दोन्ही टोकांना दाबायचे जॉइंट, वरून उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह. चाचा म्हणले डाग दे, म्हणजे सोल्डर कर. सोल्डर वाईट नाही पण शिसं तारांमधून आत चढतं आणि तिथं वायर ताठ होते, हलणाऱ्या जागी ती ताठ कडेलाच तुटते. म्हणून दाबूनच जोडलं आणि दोन जोड एकाच जागी येऊ न देता मागंपुढं ठेवले. मग सगळी जुडी नालीदार पाईपमधून घेऊन फ्रेमपासून बाजूला बांधली, नाहीतर नवीन वायरचं पण तेच झालं असतं.

चाचांना हे पटलेलं नाही. त्यांचे सोल्डर केलेले जोड खुद्द चाचांपेक्षा जास्त टिकतील असं त्यांचं म्हणणं.

पोरीला परत उड्या. हिरवा ढिम्म.

खर्च : वायर, जॉइंट, स्लीव्ह, पाईप मिळून १४०.

१९ मे

वरचा तिसरा ब्रेकलाईट, डिकीच्या दारातला, आम्ही घेतल्यापासून बंदच होता. आता हात लागलाच आहे तर. दार उघडझाक होतं तिथं बिजागरीजवळ रबराची नळी असते, तिच्यातून वायरी जातात. बाहेरून सगळ्या चांगल्या दिसत होत्या, एकेक धरून हळू ओढली तर एक रबरासारखी लांब झाली, म्हणजे आतलं तांबं तुटलेलं आणि नुसतं वरचं प्लास्टिक शिल्लक. तिथं तुकडा जोडला, जोड नळीच्या बाहेर दोन्ही बाजूला. तासभराचं काम.

२ जून

एलईडी अजून डॅशबोर्डवरच आहेत. या दरम्यान भर गाडीनं निलंग्याला जाऊन आलो, आंबेजोगाईला जाऊन आलो, हिरवा प्रत्येक ब्रेकला लागला. उद्या काढणार, पोरीचा विरोध आहे.

पासिंगला शुक्रवारी नेली. साहेबांनी ब्रेक दाबायला लावला, मागं बघितलं, इंडिकेटर बघितले, चेसिस नंबर बघितला, झालं. मी मागच्या सीटवर मुद्दाम दाजींना बसवून नेलं होतं, त्याची काही गरज पडली नाही.

एकूण खर्च साडेपाचशे-सहाशेच्या घरात, त्यात ब्रेकलाईटच्या मूळ दुखण्याला खरे लागलेले १४० आणि एलईडीचे १५. मल्टीमीटर आधीचाच होता.

९ जून

पहिला मोठा पाऊस झाला. डाव्या लॅम्पच्या काचेत आतून बाष्प आलंय. पाडव्याला जे पाणी गेलं ते याच वाटेनं, गॅस्केट दबून गेलंय. अर्थचा बोल्ट उघडून बघितला, ग्रीसमुळं कोरडा आहे, ०.०९ व्होल्ट. नवीन गॅस्केट लातुरात मिळंना, सोलापूरहून सांगितलंय. तोपर्यंत काळं सिलिकॉन लावायचा विचार होता पण मग पुढच्या वेळी लॅम्प उखडताना काच तुटते, म्हणून सध्या लॅम्पच्या वरच्या कडेला नुसता टेप.